पिंजऱ्यातला पक्षी आणि भुयारातली हाक

(दृश्य: अंधारलेलं दालन, काचेच्या पेटीत मातीचा सहा पैलूंचा ठोकळा. कॅमेरा हळूहळू अक्षरांजवळ.)

भाजलेल्या मातीचा हा ठोकळा. उंची हातभरही नाही, 38 सेंटिमीटर. सहाही बाजूंवर वरपासून खालपर्यंत बारीक कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांची, लिपी. 1830 मध्ये कर्नल टेलर यांना तो आजच्या इराकमधल्या निनवे या प्राचीन शहराच्या अवशेषांत मिळाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

यातून बोलतो आहे अश्शूरचा राजा सन्हेरीब. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. इसवी सनपूर्व 701 मध्ये तो यहूदाच्या छोट्याशा राज्यावर चालून गेला. कारण साधं होतं: तिथल्या हिज्कीया राजाने खंडणी थांबवून बंड केलं होतं.

सन्हेरीब सांगतो, हिज्कीयाने माझं जू मानेवर घेतलं नाही. त्याची 46 तटबंदीची शहरं मी जिंकली. 2,00,150 माणसं बाहेर काढली. आणि खुद्द त्याला यरुशलेमात, त्याच्याच राजधानीत, पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं.

कोंडलं, एवढंच. लुटीत घोडे, खेचरं, गाढवं, उंट काय काय मिळालं याची यादी देणारा हा राजा यरुशलेम घेतल्याचं मात्र कुठेच म्हणत नाही. घेतलं असतं, तर ते सांगायला तो विसरला असता का?

(दृश्य: यरुशलेमचा जुना तट, सकाळचं ऊन.)

आता तटाच्या आतल्यांची बाजू. ती बायबलमधल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकात आहे. हिज्कीया घाबरला, चुकलो म्हणून निरोप धाडला आणि मंदिराच्या दारांवरचं सोनं उतरवून दिलं. खंडणी 30 किक्कार सोनं आणि 300 किक्कार चांदी (किक्कार हे त्या काळचं वजनाचं माप). मातीच्या ठोकळ्यावरही सोनं 30 किक्कारच आहे! चांदी मात्र 800. या फरकावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण दोन शत्रूंच्या वह्यांत सोन्याचा आकडा तंतोतंत जुळावा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच पुस्तकात एक प्रसंग आहे. अश्शूरचा अधिकारी रब्शाके तटाखाली उभा राहून आतल्यांच्याच भाषेत धमक्या देतो. हिज्कीयाची माणसं गयावया करतात: अहो, अरामी भाषेत बोला, आम्हाला ती कळते, तटावरची माणसं ऐकताहेत. तो ऐकतो कसला! उलट आवाज आणखी चढवतो. लोकांना कळावं म्हणूनच तर तो आलेला असतो.

पुढे एका रात्रीत देवदूताने अश्शूरी छावणीतले 1,85,000 लोक मारले, असं बायबल सांगतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, वेगळीच कथा ऐकली होती. तिच्यात उंदीर येतात आणि सन्हेरीबच्या सैन्याची धनुष्यं कुरतडून टाकतात. त्या रात्री नेमकं काय घडलं, हे माती-दगडांतून सिद्ध होण्यासारखं नाही. सन्हेरीब परत गेला आणि पुढे मुलांच्या हातून मारला गेला, हेही बायबलमध्ये लगोलग येतं. वाचताना वाटतं, घरी पोचला आणि मेला. प्रत्यक्षात मध्ये 20 वर्षं गेली होती.

(दृश्य: दगडी शिल्पपट. तटावर चढणारी यंत्रं, धनुर्धारी, बैलगाडीवर बसलेली बायकामुलं.)

बायबल एका ठिकाणाचा उल्लेख मात्र जाता जाता करतं. लाखीश. हिज्कीयाचा निरोप गेला, तेव्हा सन्हेरीबचा तळ तिथे होता, बस. लाखीशचं काय झालं, याबद्दल एक ओळ नाही. सन्हेरीबच्या ठोकळ्यावरही हे नाव नाही.

ते सापडलं त्याच्या निनवेच्या राजवाड्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी तो खणला, तेव्हा एका दालनाच्या भिंतीभर लाखीशचा पाडाव कोरलेला निघाला. तट फोडणारी यंत्रं उतारावरून वर सरकताहेत. वरून पेटते पलिते पडताहेत आणि यंत्राला आग लागू नये म्हणून एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने त्यावर पाणी ओततो आहे. खाली खांबांवर सुळी दिलेली माणसं. आणि वेशीतून बाहेर पडणारी कुटुंबं, खांद्यावर गाठोडी, गाडीत पोरं. सिंहासनावर बसलेला सन्हेरीब ही लूट पाहतो आहे. त्याचा चेहरा मात्र कुणीतरी जुन्या काळीच मुद्दाम फोडला आहे.

दरबारी शिल्पकाराने अतिशयोक्ती केली असेल, असं वाटू शकतं. पण लाखीशच्या टेकडीवर पुढे उत्खनन झालं, आधी 1930 च्या दशकात, मग 1973 पासून डेव्हिड उसिश्किन यांच्या देखरेखीखाली. टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हल्लेखोरांनी रचलेला, तटाला भिडलेला दगडांचा प्रचंड उतार मिळाला. त्याच्या आसपास शेकडो लोखंडी बाणांची टोकं आणि गोफणीचे दगड. आतून घाईघाईने रचलेला दुसरा भराव, तट पडलाच तर शत्रूला अडवायला. लाखीशचा अखेरचा दिवस कळतो तो असा, जिंकणाऱ्याच्या भिंतीवरून आणि हरलेल्यांच्या मातीतून.

(दृश्य: टॉर्चच्या उजेडात अरुंद भुयार. पाण्यात पावलांचा आवाज.)

यरुशलेम मात्र तगलं. त्याला पाणीही कारण होतं. गीहोनचा झरा तटाबाहेर पडत होता. शत्रू वेढा घालून बसला की पहिला घाव त्यावरच. म्हणून पाणी आत घेतलं गेलं, खडक फोडून काढलेल्या 533 मीटर लांब भुयारातून. ‘दुसरे राजे’ आणि ‘दुसरे इतिहास’ ही पुस्तकं याचं श्रेय हिज्कीयाला देतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत गिलाव्यातल्या वनस्पतींचं वयही याच काळाजवळ आलं. काही पुरातत्त्वज्ञ भुयार थोडं आधीचं मानतात.

टॉर्च घेऊन गुडघाभर पाण्यातून आजही इथून चालता येतं. भुयार सरळ नाही, एस अक्षरासारखं वळत जातं. मध्यावर तर ते चाचपडतं. डावीकडे वळतं, थांबतं, दिशा बदलतं. कारण खोदणाऱ्या दोन टोळ्या दोन टोकांकडून येत होत्या.

1880 मध्ये एक शाळकरी मुलगा भुयाराचं पाणी जिथे पडतं त्या शिलोआम कुंडाच्या बाजूने आत शिरला, पाय घसरून पाण्यात पडला, आणि त्याला भिंतीवर अक्षरं दिसली. सहा ओळी, प्राचीन हिब्रू लिपीत. तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, असं त्यात लिहिलंय. मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी 1200 हात वाहत कुंडात आलं.

दहाएक वर्षांनी कुणीतरी तो लेख भिंतीतून कापून काढला. त्यात तो फुटला. तेव्हा इथे ऑटोमन तुर्कांची राजवट होती, म्हणून त्याचे तुकडे आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

(दृश्य: शिलालेखाचा जवळून घेतलेला फोटो, कॅमेरा खालून वर.)

या सहा ओळींत ना हिज्कीया आहे, ना सन्हेरीब, ना देव. फक्त टिकाव, खडक आणि हाक. लेखासाठी त्यांनी भिंतीचा बराच मोठा चौकोन तासून गुळगुळीत केला होता. अक्षरं आहेत ती त्याच्या खालच्या अर्ध्या भागात. वरचा अर्धा भाग कोरा आहे.