हत्तीच्या पावसातली शाळा

नमस्कार श्रोतेहो.

गणपती गेले, मिरवणुकीतले लेझीम थांबले, की सोलापुरातल्या प्राथमिक शाळांत एक वेगळाच हंगाम सुरू होतो. पहिल्या सत्राचा शेवटचा टप्पा. सप्टेंबरच्या अखेरीस, २७ तारखेच्या आसपास, सूर्य हस्त नक्षत्रात जातो. दुपारी ऊन चटकतं, चारच्या सुमारास आभाळ भरून येतं आणि मैदानावर टपोरे थेंब पडायला लागतात. आपल्याकडे याला हत्तीचा पाऊस म्हणतात. त्याच ओलीवर शेतकरी रब्बीची ज्वारी पेरतो. शाळेत मात्र हा हत्ती पाटावर येऊन बसतो.

पंचवीस वर्षं मी पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते आहे. घटस्थापनेपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच्या दिवसांबद्दल आज मला बोलायचं आहे. सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते आणि पालक काळजीने विचारतात, "बाई, कार्यक्रमच चाललेत, अभ्यास कधी?" त्यांची काळजी मला कळते. तरी सांगते, वर्षभरातलं सगळ्यात पक्कं शिकणं माझ्या वर्गात याच दिवसांत होतं. त्यासाठी लांब जावं लागत नाही आणि खिसाही रिकामा करावा लागत नाही.

आधी हादग्याचं सांगते. पाटावर खडूने हत्ती काढायचा, त्याला फुलं वाहायची, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. हे आमच्या शाळेत दरवर्षी व्हायचं. माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. फेर धरताना तेलुगू घरच्या मुली जरा मागे उभ्या राहायच्या. त्यांना गाणी येत नसतील, असं मला वाटायचं. एका वर्षी तिसरीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आमच्यात पण फेर असतो. मधे हत्ती नसतो, फुलांचा डोंगर असतो."

बतुकम्मा, तेलुगू घरांतला फुलांचा सण. शहराच्या पूर्वभागातल्या कितीतरी घरांत याच दिवसांत ती मांडतात. आमच्या गल्लीतूनही बायका ताटं घेऊन जाताना मी पाहिल्या होत्या. पण शाळेत ते आणावं, हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आजी पितळी ताट घेऊन आली आणि मैदानातल्या लिंबाखाली बसली. आधी पिवळीधमक फुलं रचली. तेलुगूत त्यांना तंगेडू म्हणतात. मी हातात घेऊन पाहिलं, तर ती आपल्या माळावरची तरवडाची फुलं! त्यावर कुरडूचे तुरे, रंगात बुडवून वाळवलेले. मग झेंडू. थरावर थर, वरचा थर खालच्यापेक्षा लहान. मुलं भोवती उकिडवी बसून मोजत होती. चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "आजी, खालच्या थराला किती फुलं लागली?" आजीला मराठी बेताचंच येतं. तिने दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडली आणि मिटली. गणिताचा तास तिथेच झाला.

मग दोन फेर झाले. आधी हत्तीभोवती, मग फुलांच्या डोंगराभोवती. बतुकम्माच्या गाण्यात ओळ संपली की उय्यालो म्हणतात. उय्याला म्हणजे झोका, हे आजीने सांगितलं. मागे उभ्या राहणाऱ्या मुली त्या दिवशी पुढे होत्या आणि बाकीच्यांना टाळ्यांचा ठेका शिकवत होत्या. खिरापतीला शेंगाचे लाडू आणि आजीने आणलेला मलिदा. मलिदा कुणालाच ओळखता आला नाही, म्हणून सगळ्यांत जास्त तोच खपला.

आता सहलीबद्दल. हे बोलताना मला अजून जड जातं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या शाळेत होते, तिथे सहल म्हणजे दोन बस, पहाटे निघणं, रात्री उशिरा परतणं आणि माणशी ठरलेली फी. एका वर्षी माझ्या वर्गातली अकरा मुलं आली नाहीत. मी यादीत त्यांच्या नावापुढे फुली मारली आणि बसमध्ये चढले. सोमवारी वर्गाला निबंध दिला, "माझी सहल". वह्या तपासताना एका मुलाचा निबंध हाती आला. बस खूप मोठी होती, मी खिडकीजवळ बसलो, बाईंनी आम्हाला गोळ्या दिल्या. अर्धं पान भरून, नेटक्या अक्षरात. तो आलाच नव्हता. त्याची आई घरी बिड्या वळायची, आणि बिडीची मजुरी हजारावर मिळते. त्या फीसाठी तिला किती हजार बिड्या वळाव्या लागल्या असत्या, हा हिशोब मी केलाच नव्हता. वर त्या अकरा जणांकडून सहलीवरच निबंध मागितला होता. त्या वहीवर मला लाल शाई चालवता आली नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गाची सहल वर्गातलं प्रत्येक मूल येईल अशीच निघते. कधी पायी भुईकोट किल्ल्यात, कधी सिद्धेश्वर तलावाच्या काठाला, कधी एखाद्या पालकाच्या कामाच्या ठिकाणी.

गेल्या वर्षी आम्ही चादरीच्या कारखान्यात गेलो. आत शिरताच यंत्रमागांचा खडखडाट एवढा, की मुलांनी कानांवर हात ठेवले. बोलणं सगळं खुणांनी. मागावर वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक माळ फिरत असते आणि पट्ट्यांना भोकं असतात. हे जकार्ड. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. एवढ्याशा हो-नाहीवर चादरीवरचा अख्खा मोर उमटतो. मुलं वर पट्ट्यांकडे बघायची, मग खाली मोराकडे, परत वर.

तेवढ्यात एका मागावर धागा तुटला आणि माग थांबला. त्यावर काम करणारे गृहस्थ आमच्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील. तो मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, वाचायला उभं केलं की मान खाली. तो पुढे झाला. वडिलांनी धाग्याची दोन टोकं त्याच्या हातात दिली. त्याने बोटाच्या टोकाने ती एकावर एक घेतली, एक वेढा दिला, ओढलं. गाठ इतकी बारीक, की मला चष्मा लावूनही दिसेना. परत येताना रस्त्यात सगळा वर्ग त्याच्या भोवती होता, "मला दाखव, मला दाखव" करत. दुसऱ्या दिवशी मी चौकटीच्या वह्या काढल्या आणि मुलांनी चौकटी रंगवून आपापले मोर केले. वर्गासमोर उभं राहून गाठ कशी मारायची हे त्याने सांगितलं. चार वाक्यं बोलला, पण मोठ्या आवाजात.

कुणी म्हणेल, कारखाना ही काय सहलीची जागा? ज्या गावाची चादर घरोघरी पोहोचली, त्या गावातल्या मुलाने ती विणली जाताना बघायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबरातले दिवसही असेच धरून ठेवता येतात. दहा तारखेला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मदिवस. १९१० साली ते आपल्या सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये चीनमधल्या जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, अवघ्या ३२ व्या वर्षी. हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे माझ्या पप्पांएवढे." पंधरा तारखेला वाचन प्रेरणा दिन, त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या आवडीची दोन पानं दुसऱ्याला वाचून दाखवायची. कोजागरीला तुळजापूरची वाट पायी जाणाऱ्यांनी भरून जाते आणि दुसऱ्या दिवशी माझा वर्ग निम्मा रिकामा असतो. पूर्वी मी रागवायचे. आता चालून आलेल्यांकडून सगळी वाट ऐकून घेतो. कुठे पाणी मिळालं, कुठे पाय दुखले, चंद्र कोणत्या बाजूला होता. पाच यत्तांच्या भूगोलात बसणार नाही एवढं त्यात असतं.

पावसाने उघडीप दिली की नान्नजला जातो. शहरापासून वीसेक किलोमीटर, बार्शीच्या रस्त्याला, माळढोकाचं अभयारण्य. १९७९ मध्ये ते जाहीर झालं. त्या दिवसांत गवत गुडघ्याएवढं असतं आणि मधेमधे तरवड फुललेला. मुलींनी तो लांबूनच ओळखला, "बाई, बतुकम्माचं फूल!" काळविटांचा कळप दिसला. एका नराने जागच्या जागी अशी उडी घेतली, की चाळीस मुलं एकदम गप्प झाली.

माळढोक दिसला नाही. तो आता तिथे जवळजवळ उरलेलाच नाही, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. तो उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याला मोकळा माळ लागतो आणि माळ कमी होत गेला. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा या जड पक्ष्याला वेळेत चुकवता येत नाहीत. मुलांनी पुष्कळ प्रश्न विचारले आणि काहींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. परतीच्या वाटेवर नेहमीसारखी गाणी झाली नाहीत.

पालकांना एकच विनंती आहे. या दिवसांत मुलाला घरी ठेवून उजळणी घेऊ नका, शाळेत पाठवा. आणि तुमच्या हातात कला असेल, मग ती भाकरी थापण्याची असो, शिवणाची असो, गवंडीकामाची असो, एक तास आमच्या वर्गात या. खुर्ची तयार आहे.

परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीआधी मैदानाच्या कोपऱ्यात माती कालवून आम्ही किल्ला करतो. बुरूज, तटबंदी, वर पेरलेली मोहरी, मावळे. गेल्या वर्षी दुसरीतली एक मुलगी मुठीत काहीतरी धरून माझ्यापाशी आली. ओल्या मातीचा पक्षी होता, मान उंच, पाय काडीचे.

"बाई, किल्ल्यावर माळढोक ठेवला तर चालतो का?"

मी म्हटलं, "ठेव की."

तिने दरवाजाजवळचे दोन मावळे बाजूला सरकवले, मोहरी उगवायची होती तिथे त्याला उभा केला आणि त्याच्या पायाशी शेंगदाण्याएवढं एक अंडं ठेवलं.

नमस्कार.