बर्फाखालच्या नळ्या

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, २०२५ च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन या शहरात आइस हॉकीची महिला आशिया कप स्पर्धा झाली आणि भारतीय संघाने कांस्यपदक जिंकलं. कर्णधार त्सेवांग चुस्किट. ती आणि संघातल्या बहुतेक जणी लडाखच्या. अल ऐन हे वाळवंटातलं शहर आहे, हे लक्षात घ्या. बाहेर जूनचा जाळणारा उन्हाळा, आत गोठवलेला बर्फ, आणि त्या बर्फावर आपला पहिला मोठा मान मिळवायला हिमालयातल्या मुली विमानाने वाळवंटात गेल्या होत्या. हे असं का घडतं, यावर मला आज बोलायचं आहे.

आपल्याला वाटतं, बर्फावरचा खेळ म्हणजे थंड देशांचा खेळ. कॅनडा, रशिया, स्वीडन, फिनलंड ही नावं पाहिली तर ते खरंही आहे. पण जागतिक क्रमवारीत तळाशी असलेल्या, खेळ नुकता रुजू लागलेल्या देशांची यादी काढा. थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, कुवेत, अमिराती, हाँगकाँग, मकाव. यातल्या एकाही ठिकाणी तळं गोठत नाही. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने अशाच देशांसाठी २००८ मध्ये आशिया चॅलेंज कप सुरू केला. पहिली स्पर्धा हाँगकाँगला झाली. २००९ मध्ये ती अबू धाबीला होती, आणि तिथेच भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. भारत महासंघाचा सदस्य झाला तो १९८९ मध्ये. म्हणजे सदस्यत्व आणि पहिली स्पर्धा यांत वीस वर्षं गेली.

या उष्ण देशांकडे बर्फ कुठून आला? मॉलमधून. मनिलाच्या एसएम मॉलमध्ये, क्वालालंपूरजवळच्या सनवे पिरॅमिडमध्ये, बँकॉकच्या बाजारपेठांत रिंक बांधल्या गेल्या त्या सहकुटुंब मौज करायला येणाऱ्यांसाठी. मौज करता करता काही पोरं टिकली आणि त्यांतून संघ उभे राहिले. रिंक म्हणजे काय असतं, तेही सांगतो. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं. त्यातून मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल शून्याच्या खूप खाली थंड करून सतत फिरवतात. लादीवर पाण्याचे पातळ पातळ थर देत बर्फ तयार होतो, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीचा. दोन डावांच्या मध्ये एक यंत्र फिरतं, ओरखडलेला पृष्ठभाग तासतं आणि वर गरम पाण्याचा हात देतं. गरम पाणी खालच्या बर्फाशी नीट एकजीव होतं, म्हणून गरम. हे सगळं वर्षभर चालू ठेवायचं तर वीज लागते, भरपूर लागते. या खेळाचं इंधन थंडी नाही, वीज आहे.

आता लेहला या. उंची साधारण साडेतीन हजार मीटर. इथे सैन्यातल्या जवानांकडून हा खेळ १९७० च्या दशकात लोकांपर्यंत पोचला आणि पोरांनी तो उचलला. डिसेंबरच्या अखेरीस तळी गोठतात, फेब्रुवारीत बर्फ मऊ पडू लागतो. हंगाम फार तर दोन महिन्यांचा. रात्री पारा खूप खाली गेला की कार्यकर्ते पाइपने पाणी मारतात, सकाळपर्यंत ते गोठतं. सकाळी लवकर खेळायचं, कारण ऊन चढलं की पृष्ठभाग पाणावतो. लेहच्या एनडीएस स्टेडियममध्ये आता गोठवणारी यंत्रणा आली, त्यामुळे हंगामाला थोडी बळकटी आली. पण ती रिंक उघड्यावर आहे. लडाखच्या उन्हापुढे तिचंही किती चालणार!

तळ्यावर शिकलेल्या खेळाडूचं काय होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आंतरराष्ट्रीय रिंक साठ मीटर लांब. चारही बाजूंनी साधारण मीटरभर उंच भिंत, तिला म्हणतात बोर्ड, आणि त्यावर काच. पक, म्हणजे काठीने मारायची रबराची चकती, बोर्डवर आपटून परत येतो आणि निम्मा खेळ या परतीच्या पकवर चालतो. दोन खेळाडू बोर्डला अंग लावून पकसाठी झुंजतात, पास भिंतीवरून वळवून देतात. तळ्यावर कित्येक ठिकाणी कड म्हणजे गुडघ्याएवढी फळी किंवा नुसता बर्फाचा बांध. पक त्यावरून उडून गेला की तो शोधायला जायचं. तिथे वाढलेल्या मुलीचे पाय दणकट असतात, फुप्फुसांत दम असतो, स्केटवरचा तोल अप्रतिम असतो, पण भिंत तिच्या अंगवळणी पडलेली नसते. सपाट गुळगुळीत बर्फावर पक किती वेगाने येतो, याचा अंदाज गोलकीपरला यायला वेळ लागतो. शिवाय या खेळात चाळीस-पन्नास सेकंद जीव तोडून धावून बाकावर बसायचं असतं, दुसरी तुकडी उतरते. त्यासाठी तोडीच्या वीस खेळाडू हव्यात. वर्षातले दोन महिने सराव करून अशा वीस जणी उभ्या करणं म्हणजे काय, याचा विचार करा.

आणि तरी या मुलींनी ते केलं. २०१६ मध्ये तैपेईला महिला संघ पहिल्यांदा स्पर्धेत उतरला. पैसे नव्हते, लोकांकडून वर्गणी गोळा करून हा संघ उभा राहिला. सरावासाठी गुरुग्रामच्या एका मॉलमधली रिंक, तीही पुऱ्या आकाराची नाही. पहिल्या स्पर्धेत मोठे पराभव पत्करले. पुढच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. हा भारतीय महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. २०१८ मध्ये कॅनडाची ऑलिंपिक सुवर्णविजेती हेली विकनहाइझर लडाखला आली, या मुलींबरोबर खेळली, आणि त्याच वर्षी तिने संघाला कॅलगरीच्या आपल्या हॉकी महोत्सवात बोलावलं. एका दिग्गज खेळाडूने आपणहून एवढं अंतर कापून यावं, याचं मला मनापासून कौतुक आहे. बँकॉकमधला तो पहिला विजय आणि अल ऐनचं पदक यांत आठ वर्षं आहेत. मध्ये महामारी आली. तरी संघ तुटला नाही.

शेजारचं एक उदाहरण देतो. मंगोलियाची थंडी लडाखपेक्षा कमी नाही. तिथेही वर्षानुवर्षं उघड्यावरच खेळ चालला. २०२१ मध्ये उलानबातरला स्टेप अरेना ही बंदिस्त रिंक उभी राहिली, आणि २०२३ मध्ये जागतिक स्पर्धेच्या सगळ्यात खालच्या, चौथ्या श्रेणीचं यजमानपद त्यांना मिळालं. मलेशिया आणि सिंगापूर त्याआधीच, २०२२ मध्ये, किर्गिझस्तानातल्या बिश्केकला त्या श्रेणीत खेळून गेले होते. भारताचा पुरुष संघ जागतिक स्पर्धेत अजून एकदाही उतरलेला नाही.

आपल्याकडे बंदिस्त रिंक नाही का? आहे. आणि इथे मला खरोखर राग येतो. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला पुऱ्या आकाराची रिंक बांधली. मार्च २०१२ मध्ये तिथे चॅलेंज कपचा एक गट खेळला गेला, भारत यजमान होता. त्यानंतर ती बंद पडली. विजेचा आणि देखभालीचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न सुटला नाही आणि दहा वर्षांहून जास्त काळ ती इमारत कुलपात राहिली. याच काळात लडाखच्या मुली वर्गणीवर परदेशी जात होत्या. २०२५ मध्ये डागडुजी होऊन ती पुन्हा उघडली, ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची स्पर्धाही झाली. स्पर्धा झाली याचा आनंद आहे. पण पाहुणे गेल्यावर बर्फ गोठवणारा कंप्रेसर चालू राहतो का, हे पाहायला हवं.

माझं मागणं साधं आहे. देहरादूनच्या रिंकचं वीजबिल पुढची दहा वर्षं सरकारने पक्कं उचलावं आणि तसं लेखी जाहीर करावं. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत लडाख, हिमाचल आणि काश्मीरच्या मुलामुलींची शिबिरं तिथे लागोपाठ व्हावीत, राहण्याजेवण्यासकट. गोलकीपरसाठी वेगळा प्रशिक्षक असावा, कारण नवोदित संघांचे सामने बहुधा गोलपाशीच हातचे जातात. आणि आपल्या शहरांतून चाकांच्या स्केटवर वळणं घेणारी जी मुलं आहेत, त्यांच्यासाठीही त्या शिबिरात जागा ठेवावी. चाकांवरून बर्फावर आलेले खेळाडू उष्ण देशांच्या संघांत नवे नाहीत. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं मूल असेल, त्यांनी आपल्या क्लबच्या प्रशिक्षकांना देहरादूनला पत्र लिहायला सांगा. मुंबईहून रेल्वेने जाता येतं.