पडत्या काळातले साहेब

नमस्कार मंडळी. मी फौजेत रेडिओ ऑपरेटर होतो, म्हणजे पाठीवर सेट घेऊन साहेबांच्या मागं दोन पावलांवर चालणारा माणूस. साहेब थांबले की आपण थांबायचं, ते आडवे झाले की आपणही आडवं व्हायचं आणि हँडसेट पुढं करायचा. त्यामुळं मला साहेब लोक जवळून बघायला मिळाले आणि बघण्यापेक्षा जास्त ऐकायला मिळाले. सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा नेटवर, म्हणजे सगळे सेट जोडलेल्या रेडिओच्या जाळ्यावर, सगळ्यांचेच आवाज भारदस्त असतात हो. पण एखादी प्लाटून वाट चुकलीय, जखमी माणूस खाली आणायचाय आणि अंधार पडत आलाय, अशा वेळी कुणाचा आवाज चढतो, कुणाचा बारीक होतो आणि एखाद्याचा आहे तसाच राहतो. तो तसाच राहिलेला आवाज ऐकला की तिकडं लांब दुसऱ्या सेटवर बसलेला पोरगाही शांत होतो, हे मी कितीतरी वेळा अनुभवलंय.

म्हणून मला कुणी विचारलं ना की फौजेतला मोठा लीडर कुणाला म्हणायचं, तर मी जिंकलेल्या लढाया मोजत नाही. पलटण मार खात होती तेव्हा हा माणूस कसा वागला, तेवढं बघतो.

आणि मग पहिलं नाव येतं दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश जनरल विल्यम स्लिम यांचं. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि त्याच महिन्यात बर्मा कोअर, म्हणजे तिथल्या फौजेची मोठी तुकडी, स्लिम यांच्या हातात आली, म्हणजे घर पेटल्यावर किल्ल्या दिल्यासारखंच. वर विमानांचं छत्र नाही, कुमक नाही, मागं येत येत सुमारे 900 मैलांची माघार, ब्रिटिश फौजेच्या इतिहासातली सगळ्यात लांब. मे महिन्यात पाऊस सुरू होताना ही माणसं इम्फाळच्या बाजूला पोचली ती हाडं वर आलेली, फाटक्या कपड्यातली, तापानं फणफणलेली, पण बंदूक हातात आणि रांगेत. आणि स्लिम त्यांचा निरोप घ्यायला गेले तेव्हा त्या माणसांनी त्यांचा जयजयकार केला. विचार करा, ज्या माणसानं त्यांना नुसती माघार दाखवली त्याचा जयजयकार! स्लिम यांनी पुढं लिहून ठेवलंय की विजयी सैन्यानं केलेला जयजयकार छानच वाटतो, पण हरलेल्या, हाल झालेल्या माणसांनी केलेला जयजयकार माणसाला आतून हलवतो आणि नम्र करतो.

हे कशामुळं झालं असेल? माझ्या मते माणसांना कळत होतं की वरचा माणूस आपल्यातच आहे. पुढं ते चौदाव्या आर्मीचे प्रमुख झाले तेव्हाही आघाडीवरच्या तुकड्यांचं रेशन अर्ध्यावर आलं की ते आपल्या हेडक्वार्टरचंही अर्ध्यावर आणायचे. त्यानं आघाडीवर एक जास्तीचा घास पोचत नव्हता, पण हेडक्वार्टरमधल्या स्टाफ ऑफिसरच्या पोटात भूक असली की त्याला पुरवठ्याची निकड कळते, आणि ही बातमी जवानांपर्यंत पोचायला सेट पण लागत नाही. जवान त्यांना आपसात 'अंकल बिल' म्हणायचे.

आता कुणाला वाटेल की हा नुसता मायाळू माणूस. तर नाही. 1943 मध्ये त्या आघाडीवर एक माणूस जखमी होऊन मागं जायचा तर आजारानं 120 जायचे, त्यात मलेरिया सगळ्यात मोठा. त्यावर मेपाक्रिनची गोळी रोज घ्यायची होती, पण कातडी पिवळी पडते म्हणून आणि मर्दानगी जाते अशी अफवा होती म्हणून लोक गोळी गुपचूप टाळायचे. स्लिम यांनी काय केलं, तर अचानक अख्ख्या पलटणीची तपासणी करायची आणि 95 टक्क्यांपेक्षा कमी लोकांच्या अंगात औषध सापडलं तर थेट कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाला (सीओ), घरी पाठवायचं. असे फक्त तीन सीओ काढावे लागले, बाकीच्यांना आपोआप समजलं. मला यातलं सगळ्यात काय भावतं तर शिक्षा जवानाला नाही झाली, साहेबाला झाली. पोरानं गोळी घेतली नाही म्हणजे साहेबानं बघितलं नाही, इतकं साधं. आणि याच आर्मीनं 1944 ला इम्फाळ-कोहिमा राखलं आणि 1945 ला बर्मातलं मंडाले परत घेतलं.

त्याच 1942 च्या माघारीत सितांग नदीजवळ एका तरुण कॅप्टनच्या पोटात मशीनगनच्या गोळ्या गेल्या होत्या. वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं, डिव्हिजनच्या जनरलनं स्वतःच्या छातीवरचा मिलिटरी क्रॉस, म्हणजे शौर्याचं पदक, काढून त्याच्या छातीला लावला, आणि त्याच्या ऑर्डर्लीनं, म्हणजे सोबतच्या मदतनीस जवानानं, शेर सिंग त्याचं नाव, त्याला उचलून मागं डॉक्टरकडं नेलं म्हणून तो जगला. तो कॅप्टन म्हणजे पुढं भारताचे लष्करप्रमुख झालेले सॅम माणेकशॉ. 1971 च्या विजयाबद्दल सगळे बोलतात, मला मात्र 1962 चे माणेकशॉ जास्त जवळचे वाटतात. चीनसोबतच्या युद्धात खचलेली चौथी कोअर त्यांच्या ताब्यात दिली, तेव्हा तेजपूरला जाऊन त्यांनी सांगितलं की यापुढं लेखी हुकुमाशिवाय माघार नाही आणि तसा हुकूम कधीच निघणार नाही. तीन महिने भाषणं देऊन जे झालं नसतं ते एका वाक्यात झालं, कारण बोलणारा माणूस स्वतः माघारीत गोळ्या खाऊन आलेला होता.

अमेरिकन फौजेतले पलटणीचे कमांडर हॅल मूर यांच्याबद्दल थोडकंच सांगतो. नोव्हेंबर 1965, व्हिएतनाममधलं इया द्रांग खोरं. हेलिकॉप्टरमधून पहिलं पाऊल माझं पडेल आणि शेवटचंही माझंच निघेल असं त्यांनी जवानांना सांगितलं होतं आणि ते पाळलं. तीन दिवसात त्यांची 79 माणसं गेली. तिकडं घरी मृत्यूच्या तारा टॅक्सी ड्रायव्हरच्या हातून पोचत होत्या, तेव्हा मूर यांची पत्नी ज्युलिया त्या घरांमध्ये स्वतः जात राहिली. मला वाटतं ती पण त्या पलटणीची लीडरच होती.

आता माझे साहेब. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. सरावाच्या एका रात्री मी जादा बॅटरी घ्यायला विसरलो, पहाटे सेट मेला आणि आमची कंपनी पावणेदोन तास नेटवरून गायब. सकाळी सीओ साहेब भयंकर चिडलेले, सगळ्यांसमोर विचारलं, कुणामुळं झालं? मी अर्धं पाऊल पुढं टाकलेलं, तेवढ्यात कंपनी कमांडर साहेब म्हणाले, बॅटरी तपासणं माझं काम होतं सर, मी तपासली नाही. बस. पुढची झापाझापी त्यांनी उभं राहून खाल्ली.

मला ते एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, कितीही दमलेले असले तरी, टॉर्च घेऊन माझ्याजवळ येऊन बसायचे आणि आम्ही दोघं एकेक बॅटरी तपासायचो, टर्मिनल पुसायचो, वहीत नोंद करायचो. असं महिनाभर चाललं. मग एका संध्याकाळी आले, वही उघडली, खाली सही केली, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, उद्यापासून तू एकटा बघ.