तीनशे किलोमीटरला तास कशाला लागतो?

होटगी रोडला विमानतळाकडं आलं की सोलापूरचा माणूस आधी वर बघतो, चिमणी दिसतीय का. सवय. सिद्धेश्वर कारखान्याची ती चिमणी, साधारण ९० मीटर उंच, विमानाच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली, आणि त्यावरनं गावात एवढी भांडणं झाली की आजही टपरीवर विषय काढला तर चहा निवतो. जाऊदे. विमान सुरू झालं ९ जून २०२५ ला, पहिलं गोव्याचं, फ्लाय नाईन्टीवन कंपनीचं, पंख्याचं एटीआर विमान.

तर गोवा किती लांब? कुणालाही विचारा, चारशे म्हणणार. ते रस्त्यानं हो, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कंबरेचा पार भुगा. विमानाला घाटबिट काय नाय, नकाशावर सरळ रेघ मारली की इथनं गोव्याचं मोपा विमानतळ ३०० किलोमीटरच्या थोडं वर भरतं. पायलट लोक नॉटिकल मैलात मोजतात, १ मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तर त्यांच्या हिशोबानं १६० च्या पुढं. आणि एक, गोव्यात विमानतळ दोन आहेत. मोपा उत्तरेला, दाबोळी खाली वास्कोकडं, तिथपर्यंत रेघ अजून तीसेक किलोमीटर लांबते. घ्यायला येणारा पाहुणा भलत्याच ठिकाणी उभा नको, तेवढं तिकिटावर बघून घ्या.

आता गंमत. एटीआर वर गेलं की ताशी ५०० च्या आसपास पळतं. मग ३०० ला किती? ३६ मिनिटं. पण तिकिटावर तासाच्या वर वेळ लिहिलेली असते. का?

ही चाकं बघा. पुढंमागं ठोकळे लावलेत ना, हे काढले की घड्याळ सुरू, आणि तिकडं परत लावले की बंद. ह्याला ब्लॉक टाईम म्हणतात. छोट्या विमानतळावर बऱ्याचदा वेगळा टॅक्सी-वे नसतो, मग विमान धावपट्टीवरनंच टोकापर्यंत जातं, तिथं वळतं आणि मग पळतं, म्हणजे पाच-सात मिनिटं जमिनीवरच गेली. वर चढताना वेग कमी. आणि उतरायचं तर लई आधीपासनं, साधा हिशोब असाय की दर हजार फुटाला ३ नॉटिकल मैल, म्हणजे १५ हजार फुटांवरनं खाली यायला ४५ मैल, ८० किलोमीटरच्या वर. चढण्यात तेवढंच धरा, मग मधे सपाट उडायला राहिलं किती! त्यात समोरनं ५० चा वारा लागला तर ५०० चे ४५० झाले, आणि तिकडं पोचून वाऱ्याच्या तोंडाला उतरायचं म्हणून एखादी गिरकी. विमान कंपनी हे सगळं धरून वेळ लिहिते, वर थोडी ढिली सोडते, उशीर झाला तरी बोर्डावर वेळेत दिसायला.

खिडकीजवळच्या काकू पहिल्यांदाच बसल्यावत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बेल्टची लाईट गेली, त्यांनी पुडी सोडायला घेतली, आणि घास तोंडात जायच्या आत लाईट परत लागली.

"अगं बाई, आत्ता तर सोडला की," म्हणाल्या, "लगेच लावा म्हणतेत."