रक्त थांबलं म्हणून कुत्र्याची प्रोस्टेटची गोळी बंद? थांबा जरा!

परत तीच कमेंट. "डॉक्टर, बाबांची प्रोस्टेटची गोळी घरात आहे, शेरूला अर्धी देऊ का?" अहो, कुठली गोळी ते तरी बघा! बाबांची बहुतेक वेळा टॅमसुलोसिन असते. तिनं लघवीचा मार्ग सैल पडतो, पण वाढलेली प्रोस्टेट, म्हणजे लघवीच्या नळीभोवतीची नरांची ग्रंथी, तसूभर लहान होत नाही. आणि कुत्र्याची अडचण मुळात तिथे नसतेच. त्याची प्रोस्टेट वाढली की वर गुदाशयावर दाबते. म्हणून तो कुंथतो, शी रिबिनीसारखी चपटी येते, लघवी नसतानाही फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात. हे बहुतेक न्यूटर न केलेल्या, म्हणजे वृषणं न काढलेल्या, पाच-सहा वर्षांच्या पुढच्या नरात दिसतं.

टेस्टोस्टेरॉन या नर हार्मोनपासून शरीरात डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन बनतं आणि त्यावर ही ग्रंथी पोसते. कुत्र्याला देतात ती गोळी, फिनास्टेराइड, हे रूपांतर अडवते. टेस्टोस्टेरॉन जिथल्या तिथे राहतं, म्हणून ब्रीडिंगवाले हीच गोळी मागतात.

आता माझं डोकं फिरतं ती गोष्ट. रक्त थांबलं की लोक गोळी थांबवतात! एका लॅब्राडॉरचे मालक मला हसत सांगून गेले, "एकदम बरा झाला, बंद केली." दोन-तीन महिन्यांत तोच कुत्रा, तेच कुंथणं. अहो, वृषणं आपलं काम करतायत ना? गोळी सुटली की डीएचटी परत बनणार, ग्रंथी परत वाढणार. गोळी चालू आहे तोवरच ग्रंथी लहान. अँटिबायोटिकसारखा पाच दिवसांचा कोर्स नाही हा!

"मग ते सात दिवसांचं औषध?" हो, ओसाटेरोन, प्रोस्टेट लहान करणारी दुसरी गोळी. युरोपात मिळतं, सात दिवस द्यायचं, परिणाम साधारण पाच महिने. पण तेही पाच महिनेच! डेस्लोरेलिनचं इम्प्लांट, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हळूहळू बंद पाडणारी कातडीखालची कांडी, बसवलं तर सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, तेव्हा पहिल्या आठवड्यांत त्रास वाढला म्हणून मला शिव्या घालू नका.

ब्रीडिंग करायचं नसेल तर न्यूटरचं ऑपरेशन करा. काही आठवड्यांत ग्रंथी निम्म्यावर येते. शिकागोचे सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेट हार्मोनवर चालते हे कुत्र्यांवरच्या कामातून दाखवलं, पुढे 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरी खाली कमेंट येणारच, "मर्दपणा जाईल बिचाऱ्याचा." दादा, तो कुत्रा आहे. त्याला संध्याकाळी फिरायला न्या, बास.

घरात कुणी गरोदर असेल तर फिनास्टेराइडची गोळी तिच्या हातानं तोडू-कुटू देऊ नका. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. डोस वजनावर ठरतो, तो तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला इनबॉक्समध्ये नको.

आणि ज्यांचा कुत्रा लहानपणीच न्यूटर झालाय, तरी आता प्रोस्टेट मोठी निघालीय, त्यांच्यासाठी हा व्हिडिओ नाही. तिथे कॅन्सरची शंका आधी घ्यावी लागते, आणि त्यावर या गोळ्या चालत नाहीत. आजच सोनोग्राफीची वेळ घ्या.