डोकेदुखी घेऊन इगतपुरीला

(वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ध्यान मार्गदर्शक’ असं छापलंय, ते आधी खोडून टाकते. मी औषधविक्रेती. नाशिकला आमचं मेडिकल आहे. बत्तीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी होते, आता सून बघते. मी कुणाला ध्यान शिकवत नाही. माझं झालं काय, एवढंच सांगायला आले आहे.

काउंटरमागे उभं राहिलं की गावाची झोप कळते. कोण झोपतंय, कोण नाही. झोपेच्या, घबराटीच्या काही गोळ्या २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जास्त जपून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आल्या. त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. आमची पहिली वही मला वाटलं होतं वर्षभर पुरेल. कसली पुरतेय! ‘ताई, मागच्या वेळचीच द्या ना, चिठ्ठी घरी राहिली’ हे वाक्य तर मला झोपेतही ऐकू येईल. देत नव्हते, हे सांगून ठेवते. शिव्या खाल्ल्या, पण दिल्या नाहीत.

आणि दुसऱ्यांना नाही म्हणणारी ही बाई स्वतः काय करत होती? मला तिशीपासून अर्धशिशी. डाव्या डोळ्याच्या मागे कुणीतरी खिळा ठोकतंय असं सुरू व्हायचं. मग उजेड नको, फोडणीचा वास नको, नवऱ्याचा रेडिओ नको. गोळी पर्समध्ये, गोळी गल्ल्यात, गोळी स्वयंपाकघरात हळदीच्या डब्याशेजारी. अर्गोटामिन, कॅफिन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी येते, तुमच्यातल्या काहींनी घेतलेली असेल. मी दुखायला लागल्यावर घ्यायचे. पुढे पुढे दुखेल असं वाटलं तरी घ्यायला लागले. उद्या लग्नाला जायचंय, मग आजच घेऊन ठेवू.

यात एक मेख आहे. डोकेदुखीचं औषध महिन्यातून फार दिवस घेतलं तर त्या औषधामुळेच डोकं दुखायला लागतं. साधी वेदनाशामकं असतील तर महिन्यातले पंधरा दिवस, अशी मिश्र गोळी असेल तर दहाच दिवस, ही साधारण हद्द मानतात. हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. गिऱ्हाइकांना मी ते समजावून सांगत होते. आणि स्वतःचा हिशेब केला तेव्हा महिन्याला सोळा-सतरा दिवस निघाले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

२०११ च्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने अर्ज भरून दिला आणि मी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानशिबिराला गेले. केंद्राचं नाव धम्मगिरी. नाशिकहून तासाभराचा रस्ता, पण तोवर मी त्याच्यापुढून फक्त मुंबईला जाता-येता गेलेले. गेले ती डोकेदुखीसाठीच. कारण मैत्रिणीने मला हे ध्यान शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांची गोष्ट सांगितली होती, आणि ती अर्धीच सांगितली होती.

पूर्ण गोष्ट अशी. गोएंका मारवाडी कुटुंबातले, जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. तरुणपणीच मोठे व्यापारी झाले आणि त्यांना भयंकर अर्धशिशी जडली. इतकी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. आता मॉर्फिनची सवय लागणार म्हणून डॉक्टर घाबरले. युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडे दाखवून झालं. शेवटी एका मित्राने रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे जा म्हणून सुचवलं. हे गृहस्थ कोण? साधू नव्हेत. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथले महालेखापाल झालेले, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे. आणि ऑफिसातल्या लोकांना विपश्यना शिकवणारे.

मैत्रिणीने मला इथपर्यंतच सांगितलं: गेले, बसले, डोकं थांबलं. पण मधला भाग तिने गाळला. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नाही म्हटलं! डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, विद्या त्यासाठी नाही. मन निर्मळ करायला येत असाल तर या, डोकेदुखी गेली तर वरकड. गोएंका त्यानंतर १९५५ मध्ये पहिल्या शिबिराला बसले. चौदा वर्षं गुरूंजवळ शिकले, १९६९ मध्ये आजारी आईसाठी भारतात आले आणि त्याच जुलैत मुंबईत मोजक्या माणसांचं पहिलं शिबिर घेतलं. आईवडील त्यात होते. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासूनचं.

हा नकाराचा किस्सा मला तिथे संध्याकाळच्या प्रवचनात ऐकायला मिळाला. मी मांडी घालून बसलेले, पदराच्या टोकाला गाठी मारत होते. मनात आलं, अरे देवा, मला पण हाकलतात की काय!

दिनक्रम तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगते. पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा बसणं. अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नव्या लोकांना चहा आणि फळ, मग रात्रीचं जेवण नाहीच. सातला प्रवचन, नऊला दिवस संपला. मोबाईल, पुस्तक, पेन, जपमाळ सगळं जमा. आणि आर्य मौन, म्हणजे बोलायचं नाही, खुणा नाहीत, कुणाच्या नजरेला नजरही नाही. पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण झाल्यावर वाटलं तर दान द्या, ते पुढच्यांसाठी.

पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. आनापान. नाकपुड्या आणि वरचा ओठ, एवढाच मुलूख. श्वास मोठा करायचा नाही, मोजायचा नाही, नाम जोडायचं नाही. येतोय तसा बघायचा. सोपं वाटतं ना? दुसऱ्या दिवशी दुपारी मी श्वास बघता बघता आमच्या घाऊक व्यापाऱ्याशी पूर्ण भांडण करून आले. त्याचीही वाक्यं मीच बोलले, माझीही मीच. त्यात जिंकले पण! घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं गेली होती.

आमच्या खोलीत दोघी. माझ्या शेजारची घोरायची. मौन, त्यामुळे सांगता येईना. चार रात्री मी अंधारात छताकडे बघत तिच्यावर चिडून काढल्या. दहाव्या दिवशी मौन सुटलं. ती हसत हसत मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही फार घोरता हो. पण मी मनात म्हटलं, दमल्या असतील.’ 

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीराच्या एकेका भागावरून मन फिरवायचं आणि तिथे जी संवेदना असेल ती जाणायची. खाज, ऊब, मुंग्या, दुखणं, धडधड. चांगली वाटली म्हणून धरायची नाही, वाईट म्हणून ढकलायची नाही. त्याच दिवसापासून अधिष्ठानाची बैठक सुरू होते. एक तास हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत असा निर्धार.

सहाव्या दिवशी, अधिष्ठानाच्या मध्यावर, डाव्या डोळ्यामागे खिळा सुरू झाला. गोळी खोलीत. अजून अर्धा तास. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोकेदुखीबरोबर मी काही न करता बसले. काय दिसलं सांगू? डोळ्यामागची जागा लिंबाएवढी होती. दुखत होती, खूप दुखत होती. पण दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते, जबडा लोखंडासारखा. खांदे कानाला लागलेले. पोटात गोळा. आणि मनात सिनेमा: आता उलटी होणार, आता उठवावं लागणार, घरी फोन, परवापर्यंत असंच. लिंबाएवढ्या दुखण्याभोवती मी कलिंगडाएवढं काहीतरी उभं केलं होतं. बुद्धाचा दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण लागतो, दुसरा आपण स्वतःला मारून घेतो. तो मी आधी ऐकला होता, मान डोलावली होती. त्या दिवशी दुसरा बाण मला माझ्या जबड्यात सापडला.

मी जबडा सैल सोडला. डोकं थांबलं नाही. पण ते नुसतं डोकं राहिलं. घंटा झाल्यावर खोलीत जाऊन गोळी घेतली, आणि त्याची लाज वाटून घेतली नाही.

परत आल्यावर लोकांनी पहिला प्रश्न विचारला, शांत झाली का? नाही हो. आठवड्यातच एक गृहस्थ उघडलेली पट्टी परत घ्या म्हणून आले, अर्धी वापरलेली. माझा आवाज चढला. पण चढायच्या आधी जबडा आवळला, तो मला कळला. बोलायचं ते बोललेच. फक्त शेवटचं वाक्य बोलले नाही. ते वाक्य माझं जुनं ठेवणीतलं होतं, समोरच्याच्या वर्मी लागायचं. ते तोंडात आलं आणि परत गेलं. माझ्या सगळ्या प्रगतीचा हिशेब एवढाच आहे. आधी भांडण सुरू झाल्यावर कळायचं, आता सुरू होताना कळतं. कधीकधी.

आता माझ्या धंद्याला धरून दोन गोष्टी, आणि त्या जरा जोरात सांगणार आहे. शिबिराहून आलेली माणसं एकदम म्हणतात, आता बीपीची गोळी बंद. थायरॉइडची बंद. असं करू नका. फिट्सची, किंवा मनोविकाराची गोळी एकाएकी थांबवणं तर सरळ धोक्याचं. तिथल्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधं विचारतात. ते खरं भरा, लपवू नका. मन आधीच काठावर असेल तर इतक्या दिवसांचं मौन आणि दहा-दहा तास आत बघणं हे काहींना झेपत नाही, उलट त्रास वाढतो. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘जा, पण तुझ्या स्वतःच्या गोळ्यांची वही पण ने.’

आणि शास्त्र काय म्हणतं? अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या दवाखान्यात जुनाट दुखणं असलेल्यांसाठी सजगतेच्या ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला, तो आता आठ आठवड्यांचा, जगभर चालतो. २०१४ मध्ये सत्तेचाळीस चाचण्या, साडेतीन हजार माणसं, असा एकत्र आढावा एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. सजगतेच्या ध्यानाने चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत लहान ते मध्यम, म्हणजे थोडाफार, फायदा दिसला. पण औषधं, व्यायाम यांच्यापेक्षा सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. मला हा निकाल आवडतो. औषधाच्या दुकानात ‘थोडाफार’ म्हणजे कमी नसतं. आमच्या निम्म्या बाटल्या त्यावरच चालतात!

मी शिबिरानंतर गोळ्या एकदम सोडल्या नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवल्या. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फार वाईट गेले, ते असतंच. सकाळी पाचला उठून देवघरासमोर एक तास बसते. संध्याकाळचा तास बहुतेक बुडतो. सून म्हणते, आई, तुम्ही बसता की डुलक्या घेता? दोन्ही.

मघाशी पहिल्या रांगेतल्या काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मग तुमचं डोकं थांबलं का?’

काकू, कालच दुखलं. दुपारी, इथे काय बोलायचं ते लिहीत होते तेव्हा. जबडा बघितला, तो आवळलेलाच होता. वीस मिनिटं पडून राहिले. नाही थांबलं. मग एक गोळी घेतली. वहीत लिहिली. या महिन्यातली तिसरी.