रिफट्रॅक्स : विनोद शिळा झाला की चित्रपट?

[दृश्य : चालत्या मोटारीच्या काचेतून दिसणारी शेतं. संवाद नाही.]

एक मोटार चालली आहे. काचेबाहेर शेतं, कुंपणं, पुन्हा शेतं. पडद्यावर नावं येत नाहीत आणि गाडी काही थांबत नाही. १९६६ साली टेक्सासमधल्या एल पासोत तयार झालेल्या 'मॅनोस : द हॅन्ड्स ऑफ फेट' या भयपटाची ही सुरुवात. श्रेयनामावली इथे यायची होती आणि ती राहूनच गेली, असं सांगितलं जातं.

दिग्दर्शक हॅरॉल्ड वॉरन खतं विकायचे. त्यांचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा किल्ली भरून चालायचा, एका दमात फक्त ३२ सेकंद. चित्रीकरणाच्या वेळी आवाज नोंदवला गेला नाही. नंतर मूठभर लोकांनी सगळ्या पात्रांचे संवाद बोलून घेतले. त्यामुळे पात्रं एकमेकांकडे नुसती बघत उभी राहतात आणि दोन वाक्यांमध्ये लांबच लांब शांतता पसरते. चित्रपट म्हणून हा मोठाच दोष. पण चालू चित्रपटावर शेरे मारून हसवणाऱ्यांना, म्हणजे रिफिंग करणाऱ्यांना, नेमकी हीच शांतता हवी असते. रिफट्रॅक्स हा अशाच लोकांचा गट, आणि त्यांचा विनोद आता शिळा झाला की काय, यावर चाहत्यांमध्ये वाद आहे.

[दृश्य : रिकाम्या थिएटरच्या खुर्च्या, पुढे तीन काळ्या आकृत्या.]

रिफिंगला घडीव रूप दिलं ते 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००'ने. २४ नोव्हेंबर १९८८ रोजी मिनियापोलिसच्या केटीएमए या स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसन यांनी हा कार्यक्रम सुरू केला. एक माणूस आणि दोन यंत्रमानव अवकाशयानात अडकले आहेत आणि त्यांना वाईट चित्रपट बघावे लागतात, एवढीच कल्पना. पुढे कॉमेडी सेंट्रल, मग साय-फाय वाहिनी, आणि १९९९ मध्ये शेवट. १९९३ मध्ये हॉजसन बाहेर पडले आणि मुख्य लेखक माइक नेल्सन सूत्रधार झाले. केव्हिन मर्फी टॉम सर्व्हो या यंत्रमानवाचा आवाज होते. बिल कॉर्बेट यांनी साय-फायच्या काळात क्रो हा दुसरा यंत्रमानव हाती घेतला.

२००६ मध्ये नेल्सन यांनी रिफट्रॅक्स सुरू केलं. पहिला चित्रपट होता १९८९चा 'रोड हाउस'. लवकरच मर्फी आणि कॉर्बेटही आले. तेव्हापासून मुख्य त्रिकूट तेच आहे, आणि चाहत्यांमधला वाद सुरू होतो तो इथूनच. एक बाजू म्हणते, आता यांच्या तोंडून पुढे काय निघणार ते आधीच कळतं. दुसरी म्हणते, तुम्ही शेकडो चित्रपट ऐकलेत, कळणारच. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. पण शिळेपणा म्हणताना चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घातल्या जातात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही.

पहिली गोष्ट लांबीची. जुना कार्यक्रम जाहिरातींसह दोन तासांच्या वेळेत बसवलेला असायचा. त्यासाठी मूळ चित्रपटाला कात्री लागायची, आणि अधूनमधून चित्रपट थांबवून यानातला एखादा छोटा प्रवेश यायचा. गाणं, नक्कल, खलनायकांशी भांडण. प्रेक्षकाचा कान मोकळा व्हायचा. रिफट्रॅक्समध्ये असं काही नाही. चित्रपट पहिल्या चौकटीपासून शेवटच्या नावापर्यंत अखंड चालतो. ९० मिनिटांत दर १० सेकंदांना एक शेरा धरला तरी ५४० शेरे होतात. चाळीस मिनिटं उलटली की हसण्याचा वेग उतरतो. शेरे तितकेच धारदार असतात, दमतो तो ऐकणारा. 'मधेच कंटाळा आला' ही तक्रार जवळजवळ नेहमी दुसऱ्या तिसऱ्या टप्प्याबद्दल असते, पहिल्या वीस मिनिटांबद्दल क्वचितच.

म्हणूनच त्यांचे लघुपट अजून ताजे वाटतात. अमेरिकन शाळांमध्ये आणि घरांत वागावं कसं, हे शिकवणारे दहा-पंधरा मिनिटांचे जुने बोधपट. विषय गंभीर, निवेदकाचा सूर शिस्तीचा, आणि दम लागण्याआधी संपणारे.

[दृश्य : पानावर टाइप केलेली संहिता, शेजारी चित्रपटाची वेळ दाखवणारे आकडे.]

दुसरी गोष्ट लेखनाची. हे शेरे ऐन वेळी सुचलेले नसतात. प्रत्येक ओळ लिहिलेली असते, तिच्यासमोर चित्रपटातली वेळ टिपलेली असते, आणि सेकंद मोजून ती जागेवर बसवलेली असते. आठ-दहा शब्दांची ओळ बोलायला साधारण तीन सेकंद लागतात. पुढे-मागे श्वासाची जागा धरली तर संवादांमध्ये निदान चार सेकंदांची फट हवी. फट तीन सेकंदांची असेल तर ओळ कापायची. दोनची असेल तर एखाद-दोन शब्दांवर भागवायचं किंवा गप्प बसायचं. पात्राच्या वाक्यावर शेरा आला तर दोन्ही वाया जातात, कारण वाक्य ऐकू आलं नाही तर शेरा कशावर हेच कळत नाही.

'मिस्टरी सायन्स'च्या काळात सगळे लेखक एका खोलीत बसून चित्रपट तुकड्या-तुकड्याने बघायचे आणि सुचेल ते बोलायचे, नंतर त्यातून निवड व्हायची. रिफट्रॅक्समध्ये चित्रपटाचे भाग लेखकांत वाटले जातात. प्रत्येक जण आपला भाग लिहितो, मग एकत्र वाचन आणि दुरुस्ती. कॉनर लास्टोव्का आणि शॉन थॉमसन हे पडद्यामागचे दोन लेखक अनेक वर्षं या कामात आहेत. या पद्धतीने काम झपाट्याने होतं, म्हणूनच इतके चित्रपट येऊ शकले. मात्र पहिल्या पंधरा मिनिटांत पेरलेली गंमत पुढे वाढत नेऊन शेवटी तिचा कळस करायचा, ही मजा अवघड होते, कारण शेवटचा भाग लिहिणाऱ्यासमोर सुरुवातीची गंमत लिहिण्याच्या वेळी नसते. एकत्र वाचनात ती पुन्हा पेरावी लागते. जिथे ती पेरली जाते तिथे संपूर्ण चित्रपट एका धाग्यात बांधलेला वाटतो. जिथे राहून जाते तिथे सुटे सुटे शेरे उरतात, आणि सुटा शेरा साच्यात लवकर सापडतो.

साचे ठरलेले आहेत. पात्राचं अर्धवट वाक्य पुरं करणं, मुक्या पात्राच्या तोंडी संवाद घालणं, चेहऱ्यावरून एखाद्या प्रसिद्ध माणसाची आठवण काढणं, पार्श्वसंगीताला शब्द चढवणं. यातला तिसरा सगळ्यांत लवकर विटतो. ज्याच्यासारखा चेहरा म्हटलं तो माणूस दहा वर्षांनी कुणाला आठवत नाही. त्यातच नटनट्यांच्या अंगकाठीवरचे काही जुने शेरे आज ऐकताना खटकतात. पहिला साचा मात्र कितीही वेळा वापरला तरी झिजत नाही, कारण त्यातली अर्धी ओळ प्रत्येक वेळी नवा चित्रपट पुरवतो.

[दृश्य : सभागृहातला मोठा पडदा. पक्षी हवेत एका जागी तरंगत आहेत.]

तिसरी गोष्ट चित्रपटांची निवड, आणि वादाचं मूळ खरं तर इथे आहे.

'बर्डेमिक' घ्या. दिग्दर्शक जेम्स न्वेन. संगणकावर काढलेले गरुड आणि गिधाडं हवेत एका जागी पंख हलवत राहतात आणि माणसं कपडे टांगायच्या हँगरनी त्यांच्याशी लढतात. हे सगळे बघतात. पण रिफिंगच्या दृष्टीने त्यातला सोन्यासारखा प्रसंग वेगळाच आहे. कंपनी विकली गेल्याची बातमी बैठकीत सांगितली जाते आणि कर्मचारी टाळ्या वाजवतात. वाजवतात, वाजवत राहतात. कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो, तरी टाळ्या चालूच. चित्रपटभर दर कटला खोलीचा आवाजही बदलतो, कारण मागची गुणगुण सारखी करून घेतलेली नाही. इथे रिफ करणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. दिग्दर्शकाला वाटलं होतं की हा आनंदाचा मोठा क्षण आहे, आणि पडद्यावर काय आलं ते समोर दिसतं. या दोहोंतलं अंतर म्हणजे विनोदाची जागा. रिफट्रॅक्सने ऑक्टोबर २०१२ मध्ये हा चित्रपट थेट कार्यक्रमात घेतला. त्यांचं सामर्थ्य काय आहे ते बघायचं असेल तर तो बघावा.

आता 'शार्कनेडो'. २०१३चा हा चित्रपट आपण हास्यास्पद आहोत हे जाणून बनवलेला. वादळातून शार्क उडतात आणि चित्रपट स्वतःच प्रेक्षकाला डोळा मारतो. रिफट्रॅक्सने तो २०१४ मध्ये आणि त्याचा दुसरा भाग २०१५ मध्ये थेट सादर केला. शेरे चांगले आहेत, पण मुळात चित्रपटानेच जी गंमत केली तिच्यावर पुन्हा गंमत करावी लागते. दिग्दर्शकाचा हेतू आणि पडद्यावरचं दृश्य यांत अंतर नाही. मग विनोद बाहेरून आणावा लागतो, आणि बाहेरून आणलेला विनोद म्हणजे पुन्हा तेच साचे. तेच तिघं, तेच कौशल्य, पण एका ठिकाणी ताजे वाटतात आणि दुसऱ्या ठिकाणी शिळे.

मग ते असे चित्रपट घेतातच का? कारण हक्क. चित्रपट स्वतःच्या शेऱ्यांसह विकायचा तर मालकाची परवानगी हवी, किंवा तो हक्कमुक्त असायला हवा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ साली प्रदर्शित होताना नाव बदललं, नव्या शीर्षकावर हक्काची सूचना घालायची राहिली आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. असे अपवाद किती मिळणार? २०१३ मध्ये 'ट्वायलाइट' थेट सादर करायच्या इराद्याने त्यांनी चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली. पैसे अपेक्षेहून कितीतरी जास्त जमले, पण हक्क मिळाले नाहीत, आणि पडद्यावर आला 'स्टारशिप ट्रूपर्स'.

पहिल्या वर्षांतली युक्ती वेगळी होती. ते फक्त स्वतःच्या आवाजाची एमपीथ्री फाइल विकायचे. चित्रपटाची डीव्हीडी प्रेक्षकाने आणायची, दोन्ही एकत्र चालवायचे. यामुळे हक्कांचा प्रश्न उरला नाही आणि मोठमोठे लोकप्रिय चित्रपट हाती आले. त्रास होता तो जुळवणीचा. ठरलेल्या चौकटीवर चित्रपट थांबवायचा, सूचना ऐकून फाइलबरोबर पुन्हा सुरू करायचा. मधूनमधून डिसेम्बॉडिओ नावाचा यांत्रिक आवाज चित्रपटातलं एखादं वाक्य पात्राबरोबरच उच्चारतो. दोन्ही एकाच वेळी ऐकू आले तर जुळलं, नाहीतर थोडं मागे-पुढे करायचं. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर मात्र हे टिकत नाही. तिथे चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणजे ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो. शेवटाकडे जाईपर्यंत शेरे साडेतीन मिनिटांहून जास्त मागे पडतात. दिग्दर्शकाची वाढीव आवृत्ती लावली तरी हाच घोटाळा. पुढे चित्रपटाचा आवाज ऐकून आपोआप जुळवणी करणारं अ‍ॅप आलं, पण तोवर प्रेक्षक तयार चित्रफितींकडे वळू लागले होते, आणि तयार चित्रफीत म्हणजे पुन्हा हक्क. अनोळखी, स्वस्तातले, कधी नुसतेच मंद चित्रपट वाढले ते यामुळे. जुन्या चाहत्यांना ज्याची चुटपुट लागते ती बव्हंशी त्या मोठ्या चित्रपटांची.

चौथी गोष्ट आवाजांची. नेल्सन सपाट सुरात वाक्य टाकतात, मर्फी गाणं आणि भारदस्त निवेदन उचलतात, कॉर्बेट वैताग आणि विचित्र पात्रं. वाटणी इतकी पक्की झाली आहे की ओळ ऐकण्याआधीच ती कुणाची हे ओळखता येतं. यावर 'नवे लोक आणा' हे उत्तर सोपं वाटतं, पण ते करून पाहिलेलं आहे. बंद पडलेलं 'मिस्टरी सायन्स' पुन्हा सुरू व्हावं म्हणून २०१५ मध्ये चाहत्यांनी ५७ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आणि एप्रिल २०१७ मध्ये नवा सूत्रधार जोना रे घेऊन १४ भाग नेटफ्लिक्सवर आले. मोठी तक्रार होती ती वेगाची. शेऱ्यावर शेरा, मधे श्वास नाही, कोण बोललं ते कळेपर्यंत पुढचा येतो. आवाज नवे होते, फटी मात्र भरून गेल्या होत्या. ज्यांना शांत जागा राखता येते अशी माणसं कमी असतात, आणि रिफट्रॅक्सचे तिघं ती राखतात. हे त्यांच्याकडून काढून घेऊन फक्त नवेपणा मिळवण्यात फायदा नाही.

[दृश्य : १९५०च्या दशकातलं स्वयंपाकघर, हसरी गृहिणी, चकचकीत शेगडी.]

आवाज बदलण्याची चांगली वाट त्यांच्या घरातच आहे. ब्रिजेट नेल्सन आणि मेरी जो पेल. दोघीही 'मिस्टरी सायन्स'च्या लेखक, दोघींनी मिळून रिफट्रॅक्ससाठी लघुपट आणि पुढे पूर्ण लांबीचे चित्रपटही केले. गृहिणीने कसं वागावं हे सांगणाऱ्या बोधपटावर त्या बोलतात तेव्हा शेरा निवेदकाच्या आवाजावर किंवा केशरचनेवर अडत नाही. चित्रातली बाई मनात काय म्हणत असेल, ते त्या म्हणतात. दोनच आवाज असल्यामुळे ओळींमध्ये हवा खेळते आणि एकीच्या शेऱ्याला दुसरी नुसत्या हुंकाराने उत्तर देते. तिघांच्या संहितेत अशा हुंकाराला सहसा जागा उरत नाही.

वाद घालायचाच असेल तर आधी या दोघींचा एक लघुपट बघावा, मग तिघांचा त्याच काळातल्या बोधपटावरचा एखादा. दोन्हींतली सलग पाच मिनिटं घ्यावीत. किती शेरे आले, त्यातले किती पडद्यावरच्या गोष्टीतून निघाले आणि किती बाहेरून आणले, आणि कुठे कुणी मुद्दाम गप्प बसलं, हे वेळेसकट कागदावर लिहून ठेवावं. मग हाच हिशेब एका पूर्ण चित्रपटाच्या पहिल्या पाच आणि साठाव्या मिनिटानंतरच्या पाच मिनिटांचा करावा.